दस्तक, मांडवी व वखार : मुंबई इलाख्यांतील बंदर-जकातीच्या कारभाराची घडण

जुनीं दप्तरें चाळण्याचा ज्यांना प्रसंग आला आहे, त्यांना एक गोष्ट परिचयाची असेल. रुमाल सोडला म्हणजे राजपत्रें, सनदा, तहनामे, महजर, निवाडे हे कागद प्रथम वेगळे निघतात. त्यांच्या नकला होतात, त्यांवर टीपा लिहिल्या जातात व कालांतरानें ते छापून प्रसिद्धही होतात. मागें उरतात त्या जकातीच्या चिठ्या, दस्तकें, गलबतांचे परवाने, मालाच्या याद्या व नाक्यावरच्या पावत्या. त्यांत राजाचें नांव नसतें, लढाईची हकीकत नसते आणि अक्षर बहुधा घाईचें असतें. त्यामुळें 'किरकोळ' असा शेरा मारून हा ढीग बाजूस सारण्याची चाल पडून गेली आहे. आमच्या मतें ही चाल इतिहासास अपायकारक आहे. समुद्रावर सत्ता कोणाची आणि ती कोणत्या अधिकारानें, ह्या प्रश्नावर आमच्या व परकीयांच्या इतिहासलेखनांत पुष्कळ काळ वाद चालला. त्याचा उलगडा तहनाम्यांच्या जोडीस ह्या चिठ्या वाचल्यावांचून पुरता होत नाहीं.

आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें आहे. मुंबई इलाख्यांत इंग्रज सरकारनें बंदरें, जहाजें व जकातीच्या वखारी ह्यांचा जो कारभार बांधला, तो कोऱ्या जागेवर उभारलेला नव्हता. त्याचा पाया दस्तक, मांडवी व वखार ह्या तीन जुन्या संस्थांवर होता. ज्या दस्तकाचा हक्क सांगितल्यावरून आंग्र्यांस चांचे ठरविण्यांत आलें, त्याच जातीचा हक्क पुढें कंपनीनें व तिच्या मागून आलेल्या सरकारनें कायद्याच्या भाषेंत स्वतःकडे घेतला. मात्र त्याबरोबरच कांहीं गोष्टी खरोखरच नव्या आल्या, हेंही नाकबूल करतां येत नाहीं. जुनें कोणतें व नवें कोणतें हें वेगळें करून पाहणें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

१. शब्दांचा विचार

'मांडवी' हें आज मुंबईंत एका जुन्या वस्तीचें नांव आहे. कच्छांत ह्याच नांवाचें प्रसिद्ध बंदर आहे. शब्दाचा अर्थ जकात घेण्याची जागा असा. पोर्तुगीजांनीं वसई-मुंबईकडचा मुलूख घेतल्यावर त्यांच्या महसुली कागदांतही हा शब्द थोड्या फरकानें शिरला. सुरतेस त्याच जागेला 'फुरजा' म्हणत. हा शब्द अरबीकडून आलेला. 'जकात' हाही शब्द अरबीच. मूळ अर्थानें तो धर्मदानाचा वाचक असून आपल्याकडे मालावरील सरकारी हशिलास लागला.

'दस्तक' हा शब्द फारसी. त्याच्या मुळाशीं दस्त म्हणजे हात आहे. संग्राहकांनीं ह्या शब्दाविषयीं विशेष सावध राहिलें पाहिजे, कारण त्याचे निदान तीन अर्थ कागदांतून आढळतात. समुद्रावर फिरणाऱ्या गलबतास आरमाराच्या धन्यानें दिलेलें अभयपत्र, हा पहिला. खुश्कीच्या वाटेनें जाणारा माल जकात न घेतां सोडावा अशी नाकेदारांस केलेली आज्ञा, हा दुसरा. सारावसुलीच्या कामीं धाडलेला तगाद्याचा हुकूम, हा तिसरा. बंगाल्यांत कंपनीच्या नोकरांनीं स्वतःच्या खासगी व्यापारासाठीं दुसऱ्या प्रकारच्या दस्तकाचा जो दुरुपयोग केला, त्याचा परिणाम सर्वश्रुत आहे. मीर कासीमनें इ. स. १७६३ त सर्वांचीच जकात माफ करून टाकली, लढाई जुंपली व पुढच्याच वर्षीं बक्सारचा प्रसंग घडला. एका चिठीच्या दुरुपयोगावरून राज्यें उलथतात, हें दाखविण्यास दुसरें उदाहरण नको.

२. समुद्रावरील दस्तक

गलबतानें परवाना घेतल्यावांचून समुद्रांत जाऊं नये, ही कल्पना मराठ्यांनीं काढलेली नाहीं. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीज लोक 'कार्ताझ' नांवाचें पत्र देत. त्यांत जहाजाचें व तांडेलाचें नांव, जाण्याचें ठिकाण, बरोबरचीं हत्यारें इत्यादि मजकूर असे; अमुक माल नेऊं नये अशी अट असे; आणि पोर्तुगीज ठाण्यांत येऊन जकात भरण्याचें बंधन असे. हें पत्र जवळ नसेल तें जहाज धरावें, असा त्यांचा नेम होता. मोंगल बादशाहीसारख्या बलाढ्य सत्तेच्या जहाजांनाही हीं पत्रें घ्यावीं लागलीं. अर्थात् मराठ्यांचें आरमार उभें राहिलें तेव्हां पश्चिम समुद्रावर परवान्याची पद्धति दीडशें वर्षांची जुनी झालेली होती.

शिवछत्रपतींच्या राज्यांत बंदराच्या जकातीकडे कोणत्या दृष्टीनें पाहत, ह्याचा उत्तम पुरावा म्हणजे कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव ह्यांस इ. स. १६७१ त गेलेलें मिठासंबंधीचें पत्र होय. बारदेशाकडील पोर्तुगीज मुलुखांतलें मीठ स्वस्त पडे, त्यामुळें संगमेश्वराकडच्या मिठाचा उठाव बसे. तेव्हां बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून तें संगमेश्वरी मिठापेक्षां महाग पडेल असें करावें, असा त्या पत्राचा आशय आहे. जकात म्हणजे केवळ खजिन्याची भर नव्हे, तर आपल्या मुलुखांतील उदीम राखण्याचें साधन आहे, ही दृष्टि ह्यांत स्पष्ट दिसते. हें पत्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें. दोनशें वर्षांनंतर ह्याच मिठाची गांठ पुन्हा पडणार आहे. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें प्रकरण आहे. टोपीकरांस वखारीसाठीं समुद्रकांठीं किंवा खाडीवर जागा न देतां आंत दूर द्यावी, कौल घेतलेल्या सावकारी तरांडियांस उपसर्ग लागूं देऊं नये, अशा धोरणाचा त्यांत उपदेश आहे. वखार म्हणजे किल्ल्याचें बीज, ही त्या ग्रंथकाराची भीति होती. मुंबई व सुरत ह्यांच्या पुढील इतिहासानें ती खरी ठरविली.

ह्या पार्श्वभूमीवर कान्होजी आंग्रे व मुंबईकर इंग्रज ह्यांचा तंटा पाहिला पाहिजे. इ. स. १७१३ त कान्होजीनें छत्रपति शाहूमहाराजांशीं बाळाजी विश्वनाथाच्या विद्यमानें समेट केला, आणि त्याच वर्षीं मुंबईकरांशींही त्याचा तह झाला. ह्या दुसऱ्या तहांतील महत्त्वाचीं कलमें निशाण व परवाना ह्यांसंबंधीं आहेत. आंग्र्यानें इंग्रजांच्या जहाजांस अडथळा करूं नये. इंग्रजांनीं आपल्या अमलाखालील व्यापाऱ्यांवांचून इतरांस परवाने देऊं नयेत व दुसऱ्यांच्या जहाजांवर इंग्रजी निशाण लावूं देऊं नये, असा त्यांचा भाव. वाद खरा कोठें होता हें ह्यावरून उघड होतें. देशी सावकाराचा माल इंग्रजी निशाणाखालीं गेला, तर त्यास आंग्र्याचें दस्तक लागतें कीं नाहीं? मुंबईकर म्हणत, लागत नाहीं. आंग्रे म्हणत, निशाण बदलल्यानें मालाचा धनी बदलत नाहीं. हा तंटा मिटला नाहीं. गव्हर्नर बून ह्यानें इ. स. १७१८ त खांदेरीवर मोहीम काढली, ती फसली, इ. स. १७२१ त इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेंही निष्फळ झालें. इ. स. १७२९ त कान्होजी वारला तोंपर्यंत दस्तकाचा हक्क त्यानें सोडला नाहीं.

इंग्रज लेखकांनीं ह्या हक्कास चांचेगिरी म्हटलें. परंतु तेच मुंबईकर आपल्या छत्राखालील व्यापाऱ्यांस स्वतःचे परवाने देत होते. पोर्तुगीजांनीं केलें तर तो राजाधिकार, कंपनीनें केलें तर तो व्यापाराचा बंदोबस्त व आंग्र्यांनीं केलें तर ती चांचेगिरी, हा विवेक इतिहासाचा नसून पक्षाचा आहे. आंग्र्यांच्या आरमारानें कधीं अतिरेक केला नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. लुटीच्या मालावर पोसणाऱ्या आरमारांत तो होणारच, आणि त्या काळच्या कोणत्याही आरमारास ह्यांतून वगळतां येणार नाहीं. मुद्दा एवढाच कीं, दस्तक मागणें हा गुन्हा नसून त्या समुद्रावरील रूढ राज्यव्यवहार होता.

३. मुंबईची मांडवी आणि कोंकणांतील ठाणीं

इ. स. १६६५ त मुंबई बेट इंग्रजांच्या राजाकडे आलें व इ. स. १६६८ त तें सालीना दहा पौंड खंडानें कंपनीस मिळालें. बेटाचें उत्पन्न थोडें, जमीन खाजणाची, हवा वाईट. तेव्हां बेट राखावयाचें तर व्यापारी आणून वसविणें व त्यांच्या मालावर जकात घेणें हाच मार्ग होता. पोर्तुगीजांच्या वेळची मांडवी येथें होतीच. कंपनीची स्थिति मात्र दुहेरी होती. मुंबईंत ती जकात घेणारी सत्ता होती, आणि सुरतेस ती मोंगलांच्या फुरजांत जकात भरणारी किंवा माफी मागणारी रयत होती. बादशहा फर्रुखसियर ह्यानें इ. स. १७१७ त दिलेल्या फर्मानानें सुरतेची सगळी जकात सालीना १०,००० रुपये एकरकमी भरून मिटविण्याची सवलत कंपनीस मिळाली. इ. स. १७५९ त सुरतेचा किल्ला व तेथील बादशाही आरमाराचा अधिकार कंपनीनें हस्तगत केला, आणि इ. स. १८०० त नबाबाकडून शहराचा सगळा कारभारच काढून घेतला. फुरजांत अर्ज घेऊन उभा राहणारा फुरजाचा मालक झाला.

कोंकणांत हेंच दुसऱ्या रीतीनें घडलें. इ. स. १७५५ त सुवर्णदुर्ग व इ. स. १७५६ त विजयदुर्ग पडला. तुळाजी आंग्र्याचें आरमार बुडविण्यांत पेशव्यांनींच इंग्रजांस साह्य केलें, ही गोष्ट मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासांत कायमची सलत राहील. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबरास झालेल्या तहानें विजयदुर्ग पेशव्यांकडे व बाणकोट, लगतच्या कांहीं गांवांसह, इंग्रजांकडे गेलें. वरवर पाहतां हा लहानसा किल्ला. परंतु सावित्रीचें मुख त्याच्या हाताखालीं होतें, आणि महाडच्या पेठेचा सगळा दर्यावर्दी व्यापार त्या मुखांतून चाले. डच लोकांस मराठी मुलुखांत व्यापार करूं देऊं नये, असेंही एक कलम त्या तहांत होतें. पुढें इ. स. १८१२ त कोल्हापूरकरांकडून मालवण व सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लें इंग्रजांनीं घेतलें, तेव्हां चांचेगिरी बंद करणें हें कारण पुढें केलें. इ. स. १८१८ त पेशवाई बुडाली आणि उरलेला बहुतेक किनारा आपोआप त्यांच्या ताब्यांत गेला. ज्या अंजनवेल, विजयदुर्ग, मालवण ह्या नांवांचा आरमाराच्या हिशेबांत दरारा असे, तींच नांवें पुढें जकातखात्याच्या विभागांस राहिलीं.

४. खुश्कीची जकात आणि तिचा शेवट

समुद्राच्या जकातीची हकीकत खुश्कीच्या जकातीवांचून पुरी होत नाहीं, कारण बंदरीं उतरलेला माल घाट चढून देशावर जावयाचा असे. पेशवाईंत थळमोड व थळभरीत अशा संज्ञा होत्या. माल जेथें विकला जाई व जेथें भरला जाई, त्या त्या ठिकाणचें हें हशील. शिवाय मार्गांत जागोजाग नाकीं. कांहीं सरकारचीं, कांहीं सरंजामदारांचीं, कांहीं वतनदारांच्या हक्काचीं. जकात बहुधा मक्त्यानें दिली जाई. देवस्थानें, ब्राह्मण व सरकारचे मानकरी ह्यांस माफीचीं दस्तकें मिळत.

ह्या जंजाळांतून माल नेणें अडाणी बैलवाल्यास अशक्यच. म्हणून 'हुंडेकरी' नांवाचा एक धंदाच उत्पन्न झाला होता. व्यापाऱ्याकडून एक ठरीव रक्कम घ्यावयाची व वाटेंतील सगळ्या नाक्यांचा भरणा आपण करून माल पोंचता करावयाचा, हें त्यांचें काम. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयींच्या अहवालांत एल्फिन्स्टननें ह्या हुंडेकऱ्यांची नोंद केली आहे. राज्यव्यवस्थेंत जो सुटसुटीतपणा नव्हता, तो लोकांनीं आपल्या अकलेनें उत्पन्न केला, असें ह्यावरून दिसतें. जुन्या पेढ्यांच्या वह्यांतून हुंडेकऱ्यांचीं खातीं निघाल्यास तीं अमोल समजावीं. बंदरापासून पेठेपर्यंत जकातीचा एकूण बोजा किती पडे, हें सरकारी दप्तरापेक्षां त्या खात्यांवरून अचूक कळेल.

इंग्रजांनीं मुलूख घेतल्यावर हीं नाकीं तात्काळ उठविलीं नाहींत. आरंभीं त्यांनींही मक्त्याचीच रीत चालविली. पुढें बंगाल्यांतील अंतर्गत जकातीच्या जाचाविषयीं चार्लस ट्रेव्हेलियन ह्यानें इ. स. १८३४ त अहवाल लिहिला. बंगाल्यांत इ. स. १८३६ त, मुंबई इलाख्यांत इ. स. १८३८ च्या पहिल्या कायद्यानें व मद्रासेंत इ. स. १८४४ त खुश्कीची जकात रद्द झाली. मुंबई इलाख्यांतील शहरजकात, मोहतर्फा वगैरे कर इ. स. १८४४ त उठले. व्यापाऱ्यास हा मोठाच दिलासा होता, आणि तें श्रेय ज्याचें त्यास दिलें पाहिजे. परंतु नाकीं उठल्यानें हुंडेकऱ्याचा धंदा गेला, वतनदारांचे हक्क गेले, आणि विलायती कापडास बंदरापासून वऱ्हाडापर्यंत मार्ग मोकळा झाला, हेंही त्याबरोबर नमूद केलें पाहिजे.

ह्याच कायद्यांच्या दरांत पक्षपात कसा होता तें पाहण्याजोगें आहे. बंगाल्यांत इ. स. १८३६ त बसविलेल्या दरांप्रमाणें इंग्लंडचा माल इंग्रजी जहाजांतून आल्यास शेंकडा ३॥, परकी जहाजांतून आल्यास ७. परदेशचा माल इंग्रजी जहाजांतून आल्यास ७ व परकी जहाजांतून आल्यास १४. मुंबईचे दरही ह्याच धर्तीवर बसविण्यांत आले. निशाण पाहून दर ठरविण्याची ही पद्धति इ. स. १८४८ च्या कायद्यानें बंद झाली. त्याच कायद्यानें कंपनीच्या मुलुखांतील एका बंदरापासून दुसऱ्या बंदरास जाणाऱ्या मालाची जकातही माफ झाली.

५. मीठ व अफू

एका हातानें सोडलेलें उत्पन्न सरकारनें दुसऱ्या हातानें कसें भरून काढलें, हें पाहिल्यावांचून वरील सुधारणेचें मोल कळत नाहीं. इ. स. १८३७ च्या सत्ताविसाव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत मिठावर मणीं आठ आणे कर बसला. इ. स. १८४४ त शहरजकात उठवितांना तो एकदम एक रुपया केला. तेव्हां सुरतेस मोठा दंगा झाला व सरकारास कर बारा आण्यांवर आणावा लागला. जकात देत असे तो मुख्यत्वें व्यापारी. मिठाचा कर प्रत्येक चुलीवर बसला.

अफूची गोष्ट आमच्या विषयास अधिकच लागू आहे. माळव्यांतील अफू कंपनीच्या मुलुखांत पिकत नसे. ती शिंदे, होळकर इत्यादि संस्थानिकांच्या मुलुखांत पिके. तिला बंदरीं जाण्यास कंपनीच्या हद्दींतूनच वाट होती. दुसरी वाट राजपुतान्यांतून सिंधमार्गें कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमणास जाई. कंपनीनें इ. स. १८३० पासून अफूच्या पेटीस परवाना देण्यास आरंभ केला व त्याची फी १७५ रुपये ठेवली. फी जड असल्यामुळें माल सिंधच्या वाटेनें जाऊं लागला, म्हणून ती इ. स. १८३५ त १२५ रुपयांवर आणिली. इ. स. १८४३ त सिंध प्रांत जिंकला गेला, दुसरी वाट बंद झाली आणि फी चढत चढत इ. स. १८४७ त ४०० रुपयांस पोंचली. माल दुसऱ्याचा, मुलूख दुसऱ्याचा. आपल्या ताब्यांतल्या वाटेनें जातो एवढ्यावरून परवान्याचें मोल घ्यावयाचें, आणि वाट बंद करण्याचें सामर्थ्य वाढलें म्हणजे मोल वाढवावयाचें. कान्होजी आंग्र्याच्या दस्तकांत ह्याहून निराळें तत्त्व कोणतें होतें, हें आम्हांस कोणी दाखवून द्यावें.

६. गलबताचा आकडा

जकात उठली तरी गलबतावरची नजर उठली नाहीं. उलट ती अधिक बारीक झाली. इ. स. १८३८ च्या एकोणिसाव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील रहिवाशांच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या गलबतांची, मासे मारण्याच्या होड्यांची व बंदरांतील पडावांची सरकारांत नोंद करण्याचा व त्यांवर ओळखीचा आकडा लिहिण्याचा नियम झाला. शिबाड, बतेला, मचवा, पडाव, होडी असे जे भेद नाखव्यांस डोळ्यांनीं ओळखूं येत, ते आतां वहींतील रकान्यांत बसले. जुन्या दस्तकावर धन्याचा शिक्का असे व त्याची मुदत एका मोसमाची किंवा एका सफरीची असे. नोंदीचा आकडा तराफ्यावर कायमचा चढला. दस्तक नाहींसें झालें तें असें. तें बुडालें नाहीं; त्याचा आकडा झाला. पुढें इ. स. १८५५ पासून बंदरांच्या बंदोबस्ताचे निराळे कायदे होत गेले, इ. स. १९०८ चा कायदा त्याच मालिकेंतला.

७. गोदी, वखार व दोन कुलपें

मुंबईंत लवजी नसरवानजी वाडिया ह्याच्या देखरेखीखालीं इ. स. १७५० त जहाजदुरुस्तीची कोरडी गोदी झाली व इ. स. १८१० त डंकन गोदी पुरी झाली. परंतु व्यापारी माल उतरविण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जुनीच होती. मोठीं जहाजें खोल पाण्यांत नांगरून राहत व माल पडावांतून धक्क्यास येई. धक्के निरनिराळ्या मालकांचे, दर ज्याचे त्याचे. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीनें समुद्र हटवून मोठी जागा काढली तेव्हां धक्क्यांचा मक्ता एका खासगी मंडळीच्या हातीं जाईल, अशी भीति उत्पन्न झाली. सरकारनें तिची मालमत्ता विकत घेतली व इ. स. १८७३ त पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. कर्नल बॅलार्ड हे त्याचे पहिले अध्यक्ष. बॅलार्ड इस्टेट हें नांव त्यांचेंच. ससून गोदी इ. स. १८७५ त झाली व चार वर्षांनीं ट्रस्टानें ती विकत घेतली. प्रिन्सेस गोदी इ. स. १८८० त, व्हिक्टोरिया गोदी इ. स. १८८८ त व अलेक्झांड्रा गोदी इ. स. १९१४ त उघडली.

येथें कारभाराची एक नवी विभागणी झाली. मांडवीच्या काळीं धक्का, वखार व जकात एकाच अधिकाऱ्याच्या हाताखालीं असत. आतां धक्का व गोदी ट्रस्टाकडे आणि जकात सरकारच्या कस्टम खात्याकडे राहिली. इ. स. १८७८ च्या सागरी जकातीच्या कायद्यानें वखारीचे नियम ठरविले. आयात माल लागलीच जकात न भरतां ठरलेल्या वखारींत ठेवतां येई. त्यासाठीं व्यापाऱ्यानें जकातीच्या दुप्पट रकमेचा मुचलका लिहून द्यावयाचा. माल देशांत विक्रीस काढतांना जकात भरावयाची. परत परदेशीं धाडला तर ती भरावी लागत नसे. खासगी वखारीस एक कुलूप व्यापाऱ्याचें व दुसरें सरकारी अंमलदाराचें असे. अमात्यांनीं ज्या वखारीची भीति घातली होती, ती परकीयाची, राजाच्या डोळ्याआड असलेली वखार. ह्या दुकुलपी वखारींत व्यापाऱ्याचा स्वतःचा मालही सरकारी किल्लीवांचून निघेना.

दर मात्र मुंबईंत ठरत नसत. इ. स. १८५७ च्या बंडानंतर खजिना रिता झाला तेव्हां आयात जकात शेंकडा १० झाली, इ. स. १८६४ त ७॥, इ. स. १८७५ त ५, आणि इ. स. १८८२ त मीठ, दारू इत्यादि थोडे जिन्नस वगळून ती उठविलीच. इ. स. १८९४ त ती पुन्हा बसली. इ. स. १८९६ त विलायती कापडावर ३॥ टक्के ठेवतांना मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर बसविला, तो इ. स. १९२६ त रद्द झाला. संगमेश्वरी मिठाचा कैवार घेणारें १६७१ चें पत्र व ह्या देशच्या कापडावर बसविलेला हा कर, हीं समोरासमोर ठेवून पाहावींत. जकातीचें यंत्र सुधारलें, पण तें कोणाच्या हितासाठीं फिरत होतें हें कळून येईल.

८. बारदेशचें मीठ पुन्हा

कोंकणांत सावंतवाडीच्या पलीकडे गोव्याची सरहद्द. परकी युरोपी ठाण्यांच्या सरहद्दीवर जकात घेण्यासाठीं इ. स. १८५७ त निराळा कायदा झाला होता. २६ डिसेंबर १८७८ रोजीं इंग्रज व पोर्तुगीज ह्यांत बारा वर्षांच्या मुदतीचा तह झाला व इ. स. १८८० च्या जानेवारींत तो अमलांत आला. त्यानें दोन्ही मुलुखांमधील जकात उठली व बाहेरच्या मालावर एकच दर ठरला. मोबदल्यांत गोव्यांतील मिठाचा कारभार इंग्रजांकडे गेला व पोर्तुगीज सरकारास त्याबद्दल सालीना चार लक्ष रुपये मिळूं लागले. मुरगांव बंदर व लोहमार्ग हींही ह्याच तहाचीं फळें. परंतु ज्या मिठागरांवर बारदेश-साष्टीचा गरीब माणूस जगे, तेथें परक्या खात्याचे शिपाई बसले व लोकांत असंतोष माजला. इ. स. १८९२ च्या जानेवारींत मुदत संपली तेव्हां तह पुढें चालला नाहीं.

बारदेशचें मीठ स्वस्त पडूं नये, ही काळजी १६७१ तही होती व १८८० तही होती. पहिल्या वेळीं उद्देश शेजारच्या आगरांचा उदीम वांचविण्याचा होता, दुसऱ्या वेळीं मिठाच्या कराचें उत्पन्न वांचविण्याचा. साधन एक, हेतु दोन. कोणत्याही राजवटीच्या बंदर-कारभाराची परीक्षा ह्या भेदावरून करावी, असें आम्हांस वाटतें.

९. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनांत कायदे, तह व सुप्रसिद्ध पत्रें ह्यांचाच आधार घेतला आहे. ह्यांवरून कारभाराचा सांगाडा दिसतो. त्यावरचें मांस किरकोळ चिठ्यांतच सांपडणार. एखाद्या नाखव्यास एका सफरींत किती ठिकाणीं किती भरावें लागे, पेशवाईनंतर पहिल्या वीस वर्षांत नाक्यांवर नेमकें काय बदललें, नोंदीचा आकडा घेण्यास खलाशी लोक कितपत राजी होते, हे प्रश्न तहनामे वाचून सुटत नाहींत. मुंबईचें सरकारी दप्तर, पुण्याचें पेशवे दप्तर व गोव्याचें दप्तर ह्यांत सरकारच्या बाजूचे कागद आहेत. व्यापाऱ्याच्या व नाखव्याच्या बाजूचे कागद घरोघरच्या पेटाऱ्यांत आहेत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, असा कागद हातीं आल्यास तो रुमालांतून वेगळा काढण्यापूर्वीं कोणत्या कागदांबरोबर होता हें टिपावें. मितीबरोबर शुहूर सन, फसली व शक ह्यांपैकीं जें असेल तें जसेंच्या तसें उतरावें. इसवी सन काढण्याच्या भरांत मूळ आकडा गाळूं नये. शिक्का पुसट असला तरी त्याचा ठसा घ्यावा. तरांड्याची जात, नाखव्याचें नांव, माल, त्याचें माप, निघण्याचें व पोंचण्याचें बंदर आणि दिलेलें हशील, हीं सात कलमें प्रत्येक चिठीवरून निराळ्या कोष्टकांत लिहावीं. चिठी मोडींत असून वर इंग्रजी छापील मजकूर असेल, तर ती दुय्यम समजून टाकूं नये. जुनी लेखनपद्धति नव्या कारभारांत किती काळ टिकली ह्याची तीच साक्ष. येणेंप्रमाणें निदान पांचपन्नास चिठ्यांचें कोष्टक झालें, तर एका खाडीच्या व्यापाराचा हिशेब मांडतां येईल. सावित्री, वाशिष्ठी व वाघोटण ह्या खाड्यांपासून आरंभ करणें सोयीचें. कारण तेथील पेठा व बंदरें ह्यांचा संबंध स्पष्ट असून जुनीं व्यापारी घराणीं अजून त्या त्या ठिकाणीं नांदत आहेत.